फुगे कमी फोडायचे, चूक लवकर पकडायची

नोकरी लागली तेव्हा नेमकं काम काय आहे, हे घरी सांगायची मला लाज वाटायची. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि काम काय, तर फुगे फोडणं. आईला मी नुसतं ‘क्वालिटीत आहे’ म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं, मी टेबलाशी बसून सह्या करते.

मसोलीहून शेअर रिक्षाने आशागडच्या रस्त्याला लागलं की एक लांबट पत्र्याची शेड लागायची. तिथे रबराचे फुगे बनायचे. आत शिरलं की आधी वास यायचा, अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मग डोळे निवळले की साखळीवरून सरकणारे साचे दिसायचे, उलट्या टांगलेल्या दुधीसारखे. हे साचे आधी क्षार विरघळवलेल्या पाण्यात बुडायचे. आम्ही त्याला खाराचं पाणी म्हणायचो. त्या खारामुळेच रबर साच्याला धरतं. मग साचे रंगीत पातळ रबरात बुडायचे, मग भट्टीतून जायचे, आणि शेवटी बाया हवेच्या फवाऱ्याने फुगे सोडवून ट्रेमध्ये टाकायच्या. प्रत्येक ट्रेवर खडूने क्रमांक पडायचा.

माझं टेबल तिथे, ट्रेच्या रांगेपाशी. प्रत्येक ट्रेमधून पाच फुगे उचलायचे, पंपावर लावायचे आणि फुटेपर्यंत फुगवायचे. किती मोठा होऊन फुटला ते वहीत लिहायचं. संध्याकाळी सगळ्याची बेरीज करून माल चांगला की वाईट ते सांगायचं. फुगा चांगला आहे की नाही हे कळायला तो फोडावाच लागतो, आणि एकदा फोडला की तो विकता येत नाही. माझ्या पायाशी रोज चिंध्यांचा रंगीत ढीग साचायचा, आणि शेठ येता-जाता त्या ढिगाकडे असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या वाडीतले चिकू मोहोरातच तोडून टाकते आहे.

फुगे फोडणारी मी एकटी नव्हते. माझ्याआधी कित्येक वर्षं हे काम एक मावशी करत होत्या. रानशेतच्या बाजूच्या पाड्यावरून यायच्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. हजेरीच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे ‘मदतनीस’ लिहिलेलं होतं. वही ठेवता यावी म्हणून शेठनी मला घेतलं, आणि मावशींना माझ्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “फुगा फोडाला बी आता कॉलेज लागतं?”

मी हसले, पण मला लागलं.

मग सुरतेला पाठवलेला माल परत आला. पोतीच्या पोती. व्यापाऱ्याचं म्हणणं, की हवा भरताच फुटतायत. कुठल्या दिवसाचा माल, कुठल्या ट्रेपासून बिघडला, काही कळायला मार्ग नव्हता, कारण माझ्या वहीत त्या दिवसांच्या बेरजा ठीक होत्या. सकाळच्या चांगल्या फुग्यांनी दुपारच्या वाईट फुग्यांना पोटात घेतलं होतं. पॅकिंगच्या सगळ्या बायांनी कितीतरी दिवस जमिनीवर बसून फुगे ताणून-ताणून निवडले. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या.

शेठनी मला ऑफिसात बोलावलं. घरी गुजराती, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

“जो बेन, दोन गोष्टी पाहिजेत. एक, बिघडलं की ताबडतोब कळलं पाहिजे. संध्याकाळी नाही, त्याच वेळी. आणि बीजी वात, हे एवढे फुगे फोडणं बंद. अर्ध्यावर आण.”

“शेठ, कमी फोडले तर उशिरा कळणार. लवकर पाहिजे तर जास्त फोडावे लागणार.”

“ते तू बघ ने. शिकलीस कशाला?”

मी बाहेर आले ती रागाने. पाचाचे दोन करून कागदावर मांडून बघितलं, एक ट्रे सोडून एक करून बघितलं. काहीही केलं तरी एका बाजूला वाचवलेलं दुसऱ्या बाजूने जात होतं. आठवडाभर मी असाच कागद काळा करत बसले.

आणि मग एका दुपारी मला मावशी दिसल्या. म्हणजे रोज दिसायच्याच, पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे खरंच बघितलं.

माझ्या जेवणाच्या सुट्टीत टेबल त्यांच्याकडे असायचं. त्या दिवशी मी डबा लवकर आटोपून परत आले आणि खांबाआड थांबले. मावशींनी ट्रेमधला एक फुगा उचलला, फुगवला. तो चांगला टम्म होऊन फुटला. पुढचे दोन ट्रे त्यांनी नुसते जाऊ दिले! हात मांडीवर ठेवून शांत बसल्या. मग एक फोडला. तो जरा लवकर फुटला. आता मात्र त्या सरळ बसल्या. पुढच्या ट्रेतला फोडला, त्याच्या पुढच्यातला फोडला, एकही सोडला नाही. तीन-चार चांगले निघाले तेव्हा कुठे पाठ सैल झाली, आणि पुन्हा हात मांडीवर.

“मावशी, हे काय करता तुम्ही?”

त्या दचकल्या. मी रागावणार असं वाटलं असेल. “पाच-पाच कशाला फोडाचे? बरा चाललाय तर त्याला चालू द्यावा. माना शंका आली का मग नाय सोडत.”

“आणि शंका कधी जाते?”

“जाते हळूहळू. एक चांगला निघाला म्हणून काय लगेच जाते?”

कॉलेजात आम्हाला बेरजेची एक पद्धत शिकवली होती. प्रत्येक वाईट नमुन्याला बेरीज वाढवायची, चांगल्याला कमी करायची, पण शून्याखाली जाऊ द्यायची नाही. बेरीज एका मर्यादेला पोचली की समजायचं, काहीतरी बदललं. परीक्षेपुरतं पाठ करून मी ते विसरले होते. पण त्या पद्धतीत नमुने थांबत नव्हते, सारखे घ्यावेच लागायचे. मावशी तर त्याच्याही पुढे गेल्या होत्या. शून्यावर पोचून वर आणखी खात्री पटली, की त्या खात्रीचं रूपांतर विश्रांतीत करायच्या. जेवढा भरवसा जास्त, तेवढे ट्रे न फोडता जाऊ द्यायच्या. आणि शंका असली की विश्रांती नाहीच. फोडायचा तो फुगा जिथे उपयोगाचा आहे तिथेच फोडायचा! मला आठवडाभर जे सुटत नव्हतं, ते त्या माझ्यासमोर रोज करत होत्या.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. “मावशी, तुम्हाला माहितीये का तुम्ही काय केलंत?”

“काय केला मी?” त्या घाबरून म्हणाल्या.

फक्त एक अडचण होती. हे सगळं त्यांच्या मनात चालायचं. लक्ष दुसरीकडे गेलं, घरी कोणी आजारी असलं, की शंका विसरायची. ती मनातून बाहेर काढून टेबलावर ठेवायला हवी होती. आकडे लिहायचे तर मावशींना येत नव्हते, आणि माझ्या नुसत्या वहीवर त्यांचा विश्वास नव्हता.

शेठच्या वाडीतून कामगारांसाठी चिकू यायचे. त्यांच्या काळ्या चकचकीत बिया आम्ही धुऊन ठेवल्या. दोन वाट्या आणल्या, एक लाल, एक पांढरी. वेताची दोन कडी केली, एक लहान, एक मोठं, आणि फुगा त्यांच्या आत फुगत जाईल अशी पंपासमोर टांगली. मग नियम ठरले. प्रत्येक ट्रेला जास्तीत जास्त एकच फुगा. लहान कडं भरायच्या आत फुटला, तर लाल वाटीत तीन बिया. लहान कडं भरून पुढे फुटला, तर लाल वाटीतली एक बी परत. मोठं कडंही भरलं, तर दोन परत. आणि लाल वाटी आधीच रिकामी असताना एखादा मोठ्या कड्यापर्यंत गेला, तर पांढऱ्या वाटीत दोन बिया: दोन ट्रे सुट्टी. प्रत्येक ट्रे जाताना पांढऱ्यातली एक बी काढायची. ती संपली की पुन्हा फोडायला सुरुवात.

“दोनच?” शेठनी विचारलं. त्यांना ती पांढरी वाटी फार आवडली होती. “दहा ठेव ने.”

“दहा ट्रे आम्ही डोळे मिटून बसायचं, आणि तेवढ्यात बिघडलं तर?”

दोनवर ठरलं.

लाल वाटीत सहा बिया झाल्या की मशीन थांबवायचं, असं मी आधी ठरवलं. तिसऱ्याच दिवशी लागोपाठ दोन फुगे लहान कड्याच्या आत फुटले. तीन आणि तीन सहा. मी ओरडले, “थांबवा!”

मशीन चालवणारे दादा तलासरीचे. उंच, कमी बोलणारे, वारली, गुजराती, मराठी तिन्ही भाषा सारख्याच सहज बोलणारे. साखळी थांबवणं म्हणजे सोपं नाही. भट्टीतले फुगे करपतात, टाकीतल्या रबरावर साय धरते. त्यांनी थांबवलं. आम्ही त्याच दोन ट्रेमधले आणखी फुगे फोडले. सगळे उत्तम. नुसता योगायोग होता.

दादा माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, तुमच्या दोन बियांसाठी माझी अर्धी भट्टी करपली. परत असं झालं तर मी थांबवणार नाही. शेठला सांगा पाहिजे तर.”

चूक माझीच होती. चांगल्या मालातही अधूनमधून एखादा कच्चा फुगा निघतो, आणि कधीतरी दोन लागोपाठ निघणारच. मी मर्यादा दहावर नेली. म्हणजे आता उगाच थांबणं कमी होणार, पण खरंच बिघडलं तर कळायला एक-दोन ट्रे जास्त जाणार. दोन्ही बाजूंनी सुटका नाही. किती उगाच थांबणं चालेल आणि किती उशीर चालेल, यातलं आपल्याला काय परवडतं ते आधी ठरवावं लागतं. मावशींना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कुत्रा पानाला भुंकला तर त्याला मारतो आपण. मग चोर आला तरी भुंकत नाय.” त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. लाल वाटीत तीन बिया यायच्या, निघून जायच्या. कधी सहा व्हायच्या आणि आम्ही दोघी पुढच्या ट्रेची वाट बघायचो. मग पाच, चार, दोन, रिकामी. पायाशी चिंध्यांचा ढीग इतका लहान झाला, की झाडणाऱ्या बाईने विचारलं, काम कमी झालं का म्हणून.

आणि मग तो दिवस आला. पांढऱ्या फुग्यांची मोठी ऑर्डर होती. सकाळपासून सगळं छान चाललं होतं. एकतीस नंबरच्या ट्रेमधला फुगा मोठं कडं भरून फुटला. लाल वाटी रिकामी होतीच, म्हणून पांढरीत दोन बिया. बत्तीस आणि तेहतीस न फोडता गेले. चौतीसला लहान कड्याच्या आत फुटला. तीन बिया. मी फार मनावर घेतलं नाही. पस्तीसला पुन्हा आत. सहा. मावशी सरळ बसल्या. छत्तीस लहान कडं भरून फुटला, एक परत. पाच. “गेली शंका,” मी म्हटलं. मावशींनी मान हलवली. “नाय.” सदतीस: आत. आठ.

अडतीसचा फुगा पंपाला लावला. पांढरा फुगा वाढत गेला, कड्याच्या जवळ आला, आणि मी मनात म्हणत होते, भर, भर, भर. फाट!

अकरा बिया.

मी दादांकडे धावले. “थांबवा!”

ते जागचे हलले नाहीत. “परत?”

“या वेळी दोन नाहीत. पाचातले चार गेले.”

“मॅडम, रबर तेच, भट्टीचा काटा तोच, साखळीचा वेग तोच. काय बदललंय दाखवा.”

मला दाखवता येत नव्हतं. काय बदललं ते बिया सांगत नाहीत. बदललं एवढंच सांगतात. तेवढ्यात मावशी पाठीमागून आल्या, लाल वाटी हातात घेऊन. त्यांनी ती दादांच्या समोर धरली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, भरभर, खालच्या आवाजात. मला अर्धंच कळलं. पण दादांनी एकदा वाटीकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि बटण दाबलं. साखळी थांबली. अख्खी शेड एकदम गप्प झाली.

आम्ही अडतीसच्या ट्रेमधले सहा फुगे फोडले. पाच आत फुटले. पॅकिंगच्या बाया उठून आल्या, टेबलाभोवती गोळा झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ती भीती मला दिसत होती: परत सगळा ढीग निवडायचा, सकाळपासूनचा.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. लाल वाटी शेवटची रिकामी कधी होती? एकतीसला! त्याच्या आधीची सगळी शंका बेरजेने धुऊन काढली होती. बिघाड झाला असेल तर त्यानंतर.

“एकतीसच्या आधीचे ट्रे बाजूला करा,” मी ओरडले, “त्यांना हात लावू नका! चौतीसपासूनचे इकडे आणा. मधले बत्तीस आणि तेहतीस माझ्यापुढे ठेवा.”

आता सगळेच पळायला लागले. खात्रीसाठी एकतीसमधले फोडले: फाट, फाट, फाट, सगळे लहान कडं पार करून, दोन तर मोठ्या कड्यापर्यंत. बाया ओरडल्या. बत्तीस: तेही चांगले! तेहतीस... पहिला आत. दुसरा आत. तिसरा आत. कोणीतरी टाळीच वाजवली. बिघाड सापडल्याबद्दल टाळी वाजते हे मी पहिल्यांदाच बघत होते. पण मीही हसत होते, वेड्यासारखी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बत्तीस आणि तेहतीसच्या मध्ये आमच्या हाताला ती रेघ सापडली होती.

“तेहतीस सुटला कधी?” दादांनी विचारलं. आता त्यांचा आवाज वेगळा होता.

“साडेअकराच्या आसपास.”

त्यांनी मनात मागे हिशोब केला: सोडवणं, भट्टी, वाळणं. साचा बुडाल्यापासून ट्रेमध्ये पडेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा मागे गेले. आणि त्यांचा चेहरा उतरला.

“चहाच्या आधी,” ते हळू म्हणाले. “खाराची टाकी खाली गेलेली. मी दोन बादल्या भरल्या.”

आम्ही सगळे टाकीपाशी गेलो. भिंतीला दोन निळी पिंपं होती, अगदी सारखी. एकात तयार खाराचं पाणी, आणि दुसरं त्याच दिवशी सकाळी नवीन आणलेलं, धुण्याच्या साध्या पाण्यासाठी. दादांनी नव्या पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि थुंकले सुद्धा नाहीत. थुंकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. साधं गोडं पाणी. दोन बादल्यांनी खार पातळ झाला, साच्याला रबर कमी धरलं, आणि फुग्याचं कातडं झिरझिरीत झालं. बोटाला न कळण्याइतकंच, पण पंपावर कळण्याइतकं.

“माझी चूक,” दादा सगळ्यांसमोर म्हणाले.

“पिंपं सारखी आणली कोणी?” मावशी म्हणाल्या. “ज्याने आणली त्याची बी आहे.”

पिंपं शेठनीच आणली होती. शेठ तेवढ्यात गाडीतून उतरत होते. आम्ही सगळे एकदम गप्प झालो, आणि मग पॅकिंगमधली एक बाई फिस्सकन हसली, आणि मग कोणालाच आवरेना.

शेठना सगळं सांगायला मला दहा मिनिटं लागली, कारण मी मध्येच बिया दाखवत होते, मध्येच ट्रे दाखवत होते, आणि एकच गोष्ट तीनदा सांगत होते. ते तेहतीसच्या ट्रेपाशी उभे राहिले. स्वतः एक फुगा पंपाला लावला. आत फुटला. मग बत्तीसमधला लावला. तो मोठं कडं भरून फुटला तेव्हा ते लहान मुलासारखे मागे सरकले.

“एटले सकाळचा माल बधा बरोबर?”

“सगळा बरोबर. तेहतीसपासूनचा बाद. साखळीवर असलेलाही बाद.”

“आणि हे शोधायला आज फोडले किती?”

मी ढिगाकडे बोट दाखवलं. त्यांनी मोजले नाहीत. दादांना म्हणाले, “एका पिंपाला लाल रंग मार, आत्ताच,” आणि ऑफिसात गेले. थोड्या वेळाने हजेरीचं पुस्तक घेऊन बाहेर आले. मावशींच्या नावापुढचं ‘मदतनीस’ त्यांनी स्वतः खोडलं आणि ‘तपासनीस’ लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. मावशी पदराने लाल वाटी पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आईला पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं. फुगे फोडते म्हणून. आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून हात हलवत-हलवत अख्खी गोष्ट सांगितली. आईला बेरीज कळली नाही, पण तेहतीसचा ट्रे आला तेव्हा तिचंही लाटणं थांबलं होतं.

त्यानंतर आम्ही उगाच थांबलो असं दोनदा झालं. दोन्ही वेळा दादांनी न बोलता थांबवलं. एकदा खरा बिघाड विश्रांतीच्या दोन ट्रेमध्येच सुरू झाला आणि तेवढा उशिरा सापडला. ते होणारच होतं, ते आम्ही ठरवून पत्करलं होतं. पण सुरतेसारखी पोती पुन्हा कधी आली नाहीत.

आता शेडमध्ये दुसरी साखळीही आहे, आणि तिच्यासाठी तलासरीच्या बाजूच्या तीन बाया नव्याने लागल्या आहेत. त्यांना शिकवायचं काम शेठनी मला दिलं. मी फळ्यावर शून्य, तीन, सहा असं मांडायला लागले. त्या तिघी माना डोलवत होत्या आणि काही कळत नाही हे तोंडावर दिसत होतं. मावशी उठल्या, माझ्या हातातला खडू काढून बाजूला ठेवला, आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. दोन वाट्या मांडल्या. त्यांच्याच भाषेत बोलायला लागल्या. मला सगळं कळत नव्हतं. एक बी टाकायच्या, थांबायच्या, तिघींकडे बघायच्या. मग त्यातली सर्वांत लहान बाई अचानक पुढे झुकली आणि वाटीतली एक बी तिने स्वतःच उचलून बाहेर ठेवली. मावशींनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी खुर्ची ओढून त्यांच्या मागे, चौथी विद्यार्थीण म्हणून बसले.